गच्चीवर आटणारं पाणी: कूलिंग टॉवरमध्ये रसायनं का घालतात?

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लेजिओनेला नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची साथ आली. ११४ जण आजारी पडले, ९० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, ७ जण दगावले. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे जंतू येतोय कुठून याचा शोध घेत आरोग्य खात्याची माणसं थेट इमारतींच्या गच्च्यांवर पोचली. एक सरकारी रुग्णालय आणि एक बांधकामाची जागा, या दोन ठिकाणच्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्यातला जंतू रुग्णांच्या शरीरातल्या जंतूशी जुळला.

ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली तेव्हा माझ्या मावशीचा पुण्याहून फोन आला. "अगं, मग आता एसी लावायचा की नाही?" मी रसायनशास्त्र शिकले आणि गेली चौदा वर्षं मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरचं पाणी तपासते, म्हणून तिने मला विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते. तुमच्या-आमच्या घरातल्या स्प्लिट किंवा खिडकीतल्या एसीचा या प्रकाराशी काही संबंध नाही. त्यातून टपकणारं पाणी म्हणजे हवेतला दमटपणा थंड होऊन झालेलं पाणी, आणि ते नळीवाटे बाहेर जातं. इथे गोष्ट चालली आहे मॉल, मोठी रुग्णालयं, आयटी पार्क, पंचतारांकित हॉटेलं आणि डेटा सेंटर यांच्या गच्चीवर उभ्या असलेल्या, वर मोठा पंखा फिरणाऱ्या त्या चौकोनी किंवा गोल पेट्यांची, म्हणजेच कूलिंग टॉवरची.

## टॉवर म्हणजे मोठा माठच

माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. थोडं पाणी पाझरून बाहेर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना इतकी उष्णता जाते की तेवढ्यात सात लिटर साधं पाणी उकळीला यावं. पाण्यासारखं उष्णता वाहून नेणारं स्वस्त साधन दुसरं नाही.

मोठ्या इमारतीच्या तळघरात चिलर नावाचं यंत्र असतं. ते इमारतीतली उष्णता ओढून घेतं आणि कंडेन्सर नावाच्या लांब पिंपात सोडतं. या पिंपात तांब्याच्या शेकडो बारीक नळ्या असतात आणि नळ्यांमधून पाणी वाहत असतं. साधारण ३२ अंशांनी आत गेलेलं पाणी ३७ अंशांनी बाहेर पडतं. मग पंप ते गच्चीवर चढवतो, टॉवरमध्ये ते वरून शिंपडलं जातं, प्लास्टिकच्या पन्हळी पत्र्यांवरून (आम्ही त्यांना 'फिल' म्हणतो) पातळ होऊन खाली उतरतं, पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होऊन खालच्या हौदात पडतं. पुन्हा तेच पाणी खाली चिलरकडे. दिवसभर हा फेरा चालू असतो.

एका फेऱ्यात जेमतेम एक टक्का पाणी उडतं. पण फेरे थांबत नाहीत. एसीच्या क्षमतेला 'टन' हे माप आहे, आणि ते बर्फावरून आलंय: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी क्षमता. दर टनामागे पूर्ण भारावर तासाला साधारण साडेसहा लिटर पाणी उडतं. ५०० टनांचं चिलर दहा तास पूर्ण चाललं, तर सव्वातीन हजार गुणिले दहा, म्हणजे ३२,५०० लिटर. दहा हजारी टँकरने मोजलं तर दिवसाला तीन टँकरहून जास्त पाणी नुसतं आकाशात जातं.

## आमटी आटते तशी

खरी गोम इथे आहे. पाणी उडतं, पण पाण्यातले क्षार उडत नाहीत. मंद आचेवर आमटी विसरली की ती आटत जाते आणि खारट होते. मीठ आपण वाढवलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं. वसई-उरणची मिठागरं याच तत्त्वावर चालतात. विदर्भात ज्यांनी उन्हाळे काढलेत त्यांनी हे घरात पाहिलेलं असतं: मे संपता संपता कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी, कडक पापुद्र्यांची खपली धरते. ती खपली म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार.

टॉवरमध्ये उडालेल्या पाण्याच्या जागी नवं पाणी येतं, पण तेही आपले क्षार घेऊनच येतं. म्हणून हौदातलं थोडं दाट झालेलं पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. याला ब्लोडाउन म्हणतात. आमटी खारट झाली तर आपण वाटीभर काढून त्यात गरम पाणी घालतो, तसंच. हौदातलं पाणी नव्या पाण्याच्या कितीपट दाट होऊ द्यायचं, त्या आकड्याला 'सायकल्स' म्हणतात. लेखात पुढे हा शब्द येईल, एवढा लक्षात ठेवा.

मघाचाच हिशेब पुढे नेऊ. उडणार ३२,५०० लिटर. पाणी दुप्पटच दाट होऊ दिलं (२ सायकल्स), तर रोज ६५,००० लिटर नवं पाणी लागतं, कारण जेवढं उडतं तेवढंच सोडून द्यावं लागतं. ३ सायकल्सवर ४८,७५०. पाचवर ४०,६००च्या आसपास. दहावर ३६,१००. बघा, दोनवरून पाचवर गेलं तर दिवसाला २४,००० लिटर वाचतात, पण पाचवरून दहावर गेलं तर जेमतेम साडेचार हजार. आणि दहावर पाणी इतकं दाट झालेलं असतं की ते सांभाळणं जिकिरीचं होतं. "आम्ही दहा सायकल्स देतो" असं कुणी मोठ्या आवाजात सांगितलं, तर त्यातून खरंच किती टँकर वाचणार आहेत ते विचारायला हवं.

## भुकेलं पाणी, तुडुंब पाणी

पाणी दाट झालं की काय बिघडतं? कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच प्रकार, नळ्यांच्या आतून बसू लागतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलट आहे: पाणी जितकं गरम, तितका हा कमी विरघळतो. म्हणून तो बरोबर जिथे पाणी सगळ्यात जास्त तापतं तिथे, कंडेन्सरच्या नळीच्या भिंतीवर बसतो. तांब्यातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या तुलनेत या थरातून जायला शेकडोपट अडथळा. चिलरला तीच उष्णता बाहेर टाकायला जास्त दाब लावावा लागतो आणि विजेचं बिल चढतं. कंडेन्सरमधलं तापमान एक अंशाने वाढलं की वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

मग क्षार अगदीच नसलेलं पाणी वापरलं तर? तेही अडचणीचं. असं पाणी भुकेलं असतं. त्याला काहीतरी विरघळवून घ्यायचंच असतं, आणि समोर सापडतो तो पाइप. टॉवरमध्ये वरून पडताना पाणी हवेतला ऑक्सिजनही भरपूर घेतं, त्यामुळे लोखंड गंजायला सगळं आयतं मिळतं. १९३६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगेलिअर यांनी पाण्याची ही भूक आकड्यात मांडायची रीत दिली. कॅल्शियम, क्षारता, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारं माप), तापमान आणि एकूण विरघळलेले क्षार यांवरून एक आकडा निघतो. तो शून्याच्या वर असेल तर पाणी तुडुंब भरलंय, थर बसवणार. खाली असेल तर भुकेलं, धातू खाणार. आम्ही आजही तोच आकडा काढतो. पाण्याला तुडुंब आणि भुकेलं यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात ठेवणं हे आमचं निम्मं काम.

## एप्रिलमधले टँकर

परदेशी पुस्तकं वाचून हे काम शिकलं की एक गोष्ट त्यांत मिळत नाही. तिथे नळाला येणारं पाणी वर्षभर बहुतेक एकाच प्रकारचं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे पाणी तासागणिक बदलतं.

खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. मऊ, कमी क्षारांचं. भातसा-तानसाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये महापालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो. टँकर भरतो बोअरवर, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं असू शकतं.

कितीतरी वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीचं पाणी माझ्याकडे होतं. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजायची आमची पद्धत साधी आहे. छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, पूड टाकली की ते कोकमासारखं लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि हलवायचं. एका थेंबाला लाल रंग जाऊन एकदम निळा होतो. तिथे थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे १० पीपीएम, अर्थात लिटरमागे १० मिलिग्रॅम. त्या इमारतीच्या पाण्याला नेहमी चार थेंब लागायचे. ४० पीपीएम. पाच सायकल्सवर टॉवरमध्ये २००. सगळं छान.

मी महिन्यातून एकदा जायचे. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी गेले तर ऑपरेटर काका प्लांट रूमच्या दारातच उभे. "मॅडम, चिलर दुपारी ट्रिप होतंय हो. हाय प्रेशर दाखवतंय. तीन दिवस झाले." मी मेकअपच्या, म्हणजे टॉवरला जाणाऱ्या नव्या पाण्याच्या टाकीतलं पाणी घेतलं आणि थेंब मोजायला लागले. चार झाले, दहा झाले, रंग लालच. वीस. काका बाटलीकडे बघत होते. एकतिसाव्या थेंबाला निळं झालं.

"काका, पाणी कुठलं येतंय?"

"टँकर की. पंधरा दिवस झाले."

३१० पीपीएम. रसायन सोडणारा डोसिंग पंप मात्र ४० च्या पाण्यासाठी लावलेला, ब्लोडाउनही तेवढ्याच बेताने. पाच सायकल्सवर हौदात १५५० व्हायला हवं होतं. हौदातलं मोजलं तर सहाशेच्या आसपास. बाकीचं गेलं कुठे? दोन दिवसांनी कंडेन्सरची झाकणं उघडली तेव्हा कळलं. ज्या नळ्यांमध्ये माझं मधलं बोट सहज जायचं, त्यांत करंगळी घासत होती. नखाने खरवडलं तर राखाडी-पांढरी पापडी निघाली, आणि फिकट ॲसिडच्या थेंबाखाली ती फसफसली. हौदातून नाहीसं झालेलं कॅल्शियम ते हेच.

रसायन चांगलं होतं, पंप चालू होता, लॉगबुकात रोजच्या सह्या होत्या. पाणी बदललंय एवढी एक गोष्ट कुणी कुणाला सांगितली नव्हती, आणि विचारायला हवं होतं ते मी. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक साइटवर पहिला नियम हा: टँकर आला की रिकामा करण्याआधी थेंब मोजायचे.

## पाकातलं लिंबू, तव्यावरचं तेल

आता रसायनांकडे येऊ. नावं भीतिदायक असतात, कामं ओळखीची आहेत.

साखरेचा पाक करताना आपण लिंबू पिळतो. साखर तेवढीच राहते, पण तिचे खडे पुन्हा जमत नाहीत. लिंबाच्या आंबटपणाने थोडी साखर वेगळ्या रूपात जाते आणि ती खड्याच्या रचनेत मध्येच अडथळा आणते. थर बसू न देणारं रसायन, अँटीस्केलंट, काहीसं असंच वागतं. स्फटिक वाढायचा तर त्याचे कण ओळीत बसावे लागतात. हे रसायन वाढत्या स्फटिकाच्या कडांना चिकटून ती ओळ मोडतं. म्हणूनच शेकडो पीपीएम कॅल्शियमला पाच-दहा पीपीएम रसायन आवरू शकतं. पण त्यालाही मर्यादा आहे. पाक फारच आटवला तर लिंबाचंही काही चालत नाही.

गंज रोखणारं रसायन म्हणजे लोखंडी तव्याला लावून ठेवलेलं तेल. धातूवर अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी-ऑक्सिजन आत जात नाहीत. लोखंडासाठी फॉस्फेट, फॉस्फोनेट, जस्ताचे क्षार. तांब्यासाठी ॲझोल नावाचा वेगळा गट. तेल अर्ध्याच तव्याला लावलं तर उरलेल्या जागी गंज जोरात धरतो. इथेही काही रसायनांचा अपुरा डोस काहीच न घालण्याहून वाईट ठरतो, कारण सगळा गंज उघड्या राहिलेल्या ठिपक्यांवर तुटून पडतो आणि पाइपला आरपार भोक पाडतो. खर्च वाचवायला डोस निम्मा करणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगत असते.

या बाबतीत एक जुनी जखम आहे. एके काळी गंजावर रामबाण उपाय होता क्रोमेट. स्वस्त, खात्रीचा. पण त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोग घडवणारं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हिंकली या गावाजवळ गॅस वाहून नेणाऱ्या पाइपलाइनचं एक केंद्र होतं. १९५२ ते १९६६ या काळात तिथल्या कूलिंग टॉवरचं क्रोमियमयुक्त पाणी अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडलं गेलं आणि ते गावाच्या भूजलात उतरलं. १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरवर दावा मिटला. १९९० मध्ये अमेरिकेने इमारतींच्या टॉवरमध्ये असं क्रोमियम वापरायला बंदी घातली. टॉवरमधल्या पाण्याचं शेवटी काय होतं, हा प्रश्न म्हणूनच बारीक वाटला तरी बारीक नाही.

## तिसरा शत्रू जिवंत आहे

थर आणि गंज यांनी मालकाचं नुकसान होतं. जंतूंनी रस्त्यावरून चालणाऱ्याचं होतं.

टॉवर म्हणजे जंतूंचं माहेर. कोमट पाणी, ऊन, हवेतून ओढलेली धूळ, परागकण, पक्ष्यांची विष्ठा. चार दिवस लक्ष दिलं नाही तर हौदाच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो, मोरीच्या जाळीखाली असतो तसा. हा थर खडूच्या थरापेक्षाही जास्त उष्णता अडवतो. त्याच्या खाली धातू कुजतो. आणि त्याच्या आत लेजिओनेला, म्हणजे हार्लेममधला तोच जंतू, आरामात राहतो, कारण क्लोरीन वरवर फिरून जातं, आतपर्यंत पोचत नाही.

या जंतूच्या नावामागची गोष्ट १९७६ ची. फिलाडेल्फियात एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. कित्येक महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये नवा जंतू हाती लागला. त्याला २० ते ४५ अंशांचं पाणी मानवतं, आणि आपल्या टॉवरचं पाणी ३२ ते ३७ अंशांत फिरत असतं.

टॉवरमधून निघणारा पांढरा धूर दिसला की लोक घाबरतात. तो बहुतेक शुद्ध बाष्प असतं, त्यात जंतू नसतो. काळजीचे आहेत ते न दिसणारे बारीक तुषार, कारण ते हौदातलं पाणीच असतं, क्षार-जंतूंसकट. ते अडवायला पंख्याखाली नागमोडी पट्ट्यांचे ड्रिफ्ट एलिमिनेटर बसवतात. पट्ट्या तुटल्या किंवा साफ करताना काढून ठेवल्या की तुषार मोकाट सुटतात. आणि जातात किती लांब? २००३-०४ मध्ये फ्रान्सच्या पा-द-काले भागात एका कारखान्याच्या टॉवरमुळे ८६ जण आजारी पडले, १८ दगावले, आणि काही रुग्ण सहा किलोमीटरहून लांब राहणारे होते. तिथे जोरदार फवाऱ्याने केलेल्या साफसफाईनेच जंतू हवेत पसरायला हातभार लावला. म्हणून आधी पाण्यातला जंतू मारायचा, मग घासायचं. हा क्रम उलटा करू नये.

मारायचं कशाने? सर्वांत प्रचलित सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ओळखीचं क्लोरीनचं पाणी. पण त्याची मारक शक्ती पीएचवर ठरते. पीएच साडेसातला निम्मं क्लोरीन मारक रूपात असतं, साडेआठला जेमतेम दहा टक्के. आणि पाणी दाट झालं की पीएच चढतोच. म्हणून बरेच जण ब्रोमीन वापरतात, ते साडेआठलाही निम्म्याहून जास्त कामाचं राहतं. जोडीला आठवड्या-पंधरवड्याने वेगळ्या जातीचं जंतुनाशक घालतात, म्हणजे एकाला न जुमानणारे दुसऱ्याच्या हाती लागतात.

रसायनांचं आपसातही पटावं लागतं. क्लोरीन जास्त झालं तर ते तांब्याला जपणारं ॲझोल खातं आणि धातूही खातं. काही जंतुनाशकं आणि काही अँटीस्केलंट एकत्र आली की साकळून तळाशी बसतात. आणि एक जिवावरची गोष्ट: थर काढायचं (डिस्केलिंगचं) ॲसिड आणि हायपोक्लोराइटचे कॅन एकाच कोपऱ्यात ठेवू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. घरी बाथरूम धुताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नये, ते याच कारणाने.

## "मग सरळ आरओचं पाणी वापरा ना"

हा प्रश्न हमखास येतो. आरओ क्षार काढतं, पण काढलेले क्षार घेऊन जाणारं पाणी टाकून द्यावंच लागतं. टॉवरमध्ये वाचलेलं पाणी तिकडे जातं. वर, हे पाणी भुकेलं असतं हे आपण पाहिलंच. टँकरचं फार जड पाणी असेल तर थोडं आरओचं मिसळणं शहाणपणाचं आहे. रसायन सोडता येईल असं मात्र नाही.

"चुंबक लावला की रसायन लागत नाही" असं सांगणारेही भेटतात. पाइपभोवती लोहचुंबक, विजेचे स्पंद, ध्वनिलहरी. पिट्सबर्ग विद्यापीठात अशा पाच प्रकारच्या उपकरणांची प्रत्यक्ष टॉवर उभारून चाचणी झाली. जंतू आवरण्यात एकही उपकरण लक्षणीय उपयोगी ठरलं नाही, त्याच पाण्यात क्लोरीनने मात्र काम केलं. थर बसण्याबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. पण शेजारच्या रुग्णालयातल्या आजीच्या फुप्फुसाची जबाबदारी मी चुंबकावर टाकणार नाही.

"हवेवर चालणारं चिलर घ्या, पाणीच नको." हा आक्षेप खरा दमदार आहे, आणि पाणी अजिबात नाही अशा ठिकाणी तेच घ्यावं. किंमत विजेत मोजावी लागते. मेच्या दुपारी पुण्यात हवा ३९ अंशांवर असते, पण वाफेच्या जोरावर टॉवर पाण्याला त्याहून कितीतरी खाली आणतो. हवेवरच्या चिलरला ३९ च्या हवेतच उष्णता ढकलावी लागते, त्यामुळे वीज बरीच जास्त. आणि आपली बरीचशी वीज येते कोराडी-चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतून, जिथे मोठमोठे कूलिंग टॉवर पाणी उडवतच असतात.

## सोडलेलं पाणी जातं कुठे?

बहुतेक मोठ्या इमारतींत ते सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात जातं. तिथे मैला पचवायला जंतूच कामाला लावलेले असतात. आपण टॉवरमध्ये जंतुनाशक घालून लगेच ब्लोडाउन उघडला, तर ते पाणी जाऊन त्या उपयोगी जंतूंनाच मारतं. म्हणून जंतुनाशक घातल्यावर काही तास ब्लोडाउन बंद ठेवायचा. फॉस्फेट नदी-तलावात गेलं तर जलपर्णीला ते खतच. मुळा-मुठा, पवनेवरचा तो हिरवा गालिचा मुख्यतः सांडपाण्याने पोसला जातो हे खरं, पण आपण त्यात मूठभर टाकायची गरज नाही.

उलट दिशेनेही पाणी येतं. शुद्ध केलेलं सांडपाणी टॉवरला वापरणं आता मोठ्या संकुलांत सर्रास होतं, आणि माझ्या मते ते झालंच पाहिजे. पिण्याजोगं पाणी आकाशात उडवणं एप्रिलमध्ये डोळ्यांना बोचतं. पण या पाण्यात अमोनिया उरला असेल तर तो तांब्याच्या नळ्या खातो आणि क्लोरीनही गिळून टाकतो. फॉस्फेट आधीच जास्त असतं, ते कॅल्शियमबरोबर मिळून वेगळाच थर बसवतं. म्हणजे हे पाणी घ्यायचं तर रोज तपासून घ्यायचं.

## तुम्ही काय विचाराल?

तुमच्या ऑफिसच्या किंवा रुग्णालयाच्या गच्चीवर टॉवर असेल तर रसायनाचं नाव विचारू नका. लॉगबुक मागा. शेवटची तपासणी कधी झाली, जंतूंची चाचणी कधी झाली, पाणी कुठून येतं. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये, ब्राँक्समधल्या साथीत १६ जण गेल्यावर, शहरातला प्रत्येक टॉवर नोंदवणं आणि चालू असताना दर ९० दिवसांनी लेजिओनेला चाचणी करणं सक्तीचं केलं. तरी २०२५ चं हार्लेम झालंच. तीन महिन्यांत पाणी कितीदा बदलतं हे टँकर पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

आणखी एक विचारा: टॉवर बंद होता का? सुट्ट्या, डागडुजी, लॉकडाउन, काहीही. आठवडाभर निपचित पडलेलं पाणी तसंच सुरू केलं की साचलेलं सगळं एकदम हवेत जातं. आधी निर्जंतुक करायचं, मग पंखा लावायचा. इमारतीत ताजी हवा ओढणारी जाळी टॉवरच्या अगदी शेजारी असेल तर तेही कुणाच्या तरी कानावर घाला. आणि टॉवरजवळ काम करणाऱ्या माणसाला ताप, कोरडा खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना टॉवरबद्दल आवर्जून सांगा. हा न्यूमोनिया ओळखायची लघवीची चाचणी वेगळी मागवावी लागते, आणि त्याला लागणारी प्रतिजैविकंही वेगळी असतात.

त्या जुन्या इमारतीचे ऑपरेटर काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला मुलगा लॉगबुकात टँकर आला की लाल पेनाने 'टँ' लिहितो आणि शेजारी थेंबांचा आकडा. गेल्या मे महिन्यात मी पान उलटलं तर एका दिवसात चार नोंदी होत्या: ८, ३१, २९, ४४. शेवटच्या आकड्यापुढे त्याने लिहिलं होतं, "परत पाठवला."